जपानमधली ‘ओयाको एन्सोकु’: बालवाडीच्या सहलीला मुलासोबत जाताना काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

नोकरीसाठी जपानात राहणाऱ्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या घरांत हा प्रसंग ठरलेलाच. मूल तीन-चार वर्षांचं होतं, एप्रिलमध्ये योचिएनला, म्हणजे तिथल्या बालवाडीला जाऊ लागतं, आणि मे किंवा ऑक्टोबरच्या आसपास दप्तरातून एक कागद घरी येतो. आई किंवा बाबांनी मुलासोबत सहलीला यायचं आहे. हीच ओयाको एन्सोकु.

आपल्याकडे शाळेची सहल पद्मालयाला किंवा पाटणादेवीला निघाली की पालक फाटकापाशी टाटा करून घरी येतात. गाडी, जेवण, खाऊ सगळं बाई बघतात. जपानमध्ये पालक सोबत असतो, पण पाहुणा म्हणून नाही. तिथे नेमकं काय आणायचं, किती वाजता, कुठे, पाऊस आला तर काय, हे सगळं कागदावर लिहून दिलेलं असतं आणि तसंच होणार हे धरलेलं असतं. त्यामुळे चुका सहलीच्या दिवशी उघड्या पडल्या तरी त्या झालेल्या असतात आधीच्या दोन आठवड्यांत. कागद आदल्या रात्री वाचला जातो, पावसाचा नियम उलटा समजला जातो, डब्यात शेंगदाणे जातात, आणि मुलाला स्वतःचा डबा उघडता येत नाही हे चटईवर बसल्यावर कळतं. म्हणून या लेखाचा मोठा भाग तयारीवरच आहे.

## १. कागद हातात आला त्याच संध्याकाळी

फोनच्या कॅमेऱ्यातून भाषांतर करणारं अॅप छापील जपानी बऱ्यापैकी वाचतं. हाताने लिहिलेल्या ओळीत मात्र ते गडबडतं, आणि वेळ किंवा जागा बदलल्याची सूचना बरेचदा हातानेच लिहिलेली असते. त्या ओळीचा फोटो काढून जपानी येणाऱ्या सहकाऱ्याकडून किंवा शेजारणीकडून वाचून घ्या. अॅपवर भिस्त ठेवू नका.

कागदातून सात गोष्टी काढून स्वतःच्या मराठीत फ्रिजवर लावा: तारीख, पावसामुळे पुढे ढकलली तर राखीव तारीख, जमायची वेळ आणि जागा, सुटायची वेळ आणि जागा, आणायच्या वस्तू, पैसे, आणि गैरहजर राहायचं असेल तर कळवायची वेळ व पद्धत.

जागेच्या बाबतीत घोळ फार होतो. ‘गेन्चि शूगो’ असेल तर थेट सहलीच्या ठिकाणी जमायचं आहे, शाळेत नाही. ‘गेन्चि काइसान’ असेल तर तिथूनच सुटायचं, बस परत शाळेत आणून सोडणार नाही. जाताना बस आणि येताना आपापलं, असंही असू शकतं. म्हणून दोन्ही ओळी वेगवेगळ्या वाचा.

पावसाच्या ओळीत चारपैकी एक शब्दजोडी असते. ती नीट ओळखा:

- उतेन केक्को: पाऊस असला तरी जायचं.
- शोउ केक्को: रिमझिम असेल तर जायचं, जोराचा असेल तर नाही.
- उतेन जुन्एन: पाऊस आला तर पुढच्या ठरलेल्या तारखेला.
- उतेन चूशी: पाऊस आला तर रद्द, पुन्हा होणार नाही.

सहल रद्द झाली म्हणजे घरी सुट्टी, असं समजू नका. बरेचदा त्या दिवशी नेहमीची शाळा भरते आणि मुलाला डबा घेऊनच जायचं असतं. कागदावर त्याची वेगळी ओळ असते.

सावधान: ‘गोएन्र्यो कुदासाइ’ हे शब्द जिथे दिसतील तिथे चक्क मनाई समजा. गाडीने येणं, धाकट्या भावंडाला आणणं, खाऊची देवाणघेवाण, व्हिडिओ काढणं, यांपुढे हे शब्द असतात. वाक्याचा सूर इतका मऊ असतो की ‘जमलं तर टाळा’ असं वाटतं. तसा त्याचा अर्थ नाही.

## २. दोन आठवडे आधी: रजा, धाकटं मूल, आजी-आजोबा

रजा दोन दिवसांची मागा, सहलीची तारीख आणि राखीव तारीख. एकच मागितली आणि पाऊस पडला की ऐनवेळी वरिष्ठांपुढे अडचण होते. मुलांच्या आजारपणासाठीची कायद्याने मिळणारी रजा एप्रिल २०२५ पासून शाळेच्या प्रवेश आणि निरोप समारंभालाही वापरता येते, पण सहल त्यात बसत नाही. नेहमीच्या भरपगारी रजेतूनच दिवस काढावा लागतो.

धाकटं मूल असेल आणि त्याला आणायला मनाई असेल, तर नगरपालिकेच्या हद्दीतल्या पाळणाघरांत काही तासांसाठी मूल ठेवायची सोय असते. तिला ‘इचिजि होइकु’ म्हणतात. तिथे आधी नाव नोंदवावं लागतं, मुलाला घेऊन भेटून यावं लागतं, मगच दिवस मिळतो. हे काम आठवडाभरात होईलच असं नाही, म्हणून कागद आला की आधी इथे फोन करा.

जळगावहून किंवा चाळीसगावहून आजी-आजोबा नेमके त्याच महिन्यात आलेले असले, तर त्यांनाही सोबत न्यावंसं वाटणं साहजिक आहे. बहुतेक शाळा एका मुलामागे एकच मोठं माणूस धरतात, कारण बसच्या जागा मोजलेल्या असतात. आधी विचारा. होकार मिळाला तर त्यांचा पासपोर्ट त्यांच्याजवळच असू द्या. थोड्या मुदतीच्या व्हिसावर आलेल्यांनी तो सतत जवळ बाळगायचा असतो, जसं जपानात राहणाऱ्या प्रौढ परदेशी माणसाने झाइर्यू कार्ड, म्हणजे तिथलं निवासाचं ओळखपत्र. नकार मिळाला तर आग्रह धरू नका. आजीला घरी ठेवून धाकट्याला तिच्याकडे द्या, म्हणजे वरचा प्रश्नही सुटतो.

## ३. शिक्षिकेला काय सांगायचं

मुलाच्या दप्तरात निरोपांची वही असते, किंवा शाळेचं अॅप असतं. तिथे हे लिहून द्या, तोंडी सांगून भागवू नका:

- मुलाला कशाची अॅलर्जी आहे.
- बस लागते का.
- घरी काय खात नाही. ‘निकु तो साकाना ओ ताबेमासेन’, म्हणजे मांस आणि मासे खात नाही. अंडं चालत असेल तर ‘तामागो वा दाइजोबु देस’.
- कोण येणार, आई की बाबा, आणि त्या माणसाचा चालू मोबाइल नंबर.

वाक्यं छोटी ठेवा. भाषांतराच्या अॅपमधून लांब मराठी वाक्य टाकलं की त्यातला नकार हरवतो, आणि ‘खात नाही’चं ‘खातो’ होऊन बसतं. लिहिलेलं जपानी पुन्हा उलटं मराठीत करून बघा.

पैसे मागितले असतील तर पाकिटात मोजून तेवढेच घाला, वर मुलाचं नाव आणि वर्ग लिहा. मोठी नोट टाकून सुटे परत येतील अशी अपेक्षा ठेवू नका. बाईंकडे वर्गभराची पाकिटं जमलेली असतात.

तपासा: पावसाची शब्दजोडी समजली? राखीव तारखेची रजा मागितली? अॅलर्जीचा निरोप वाचल्याची बाईंची सही किंवा उत्तर आलं?

## ४. सामान

### मुलाच्या पाठीवर

सॅक लहान, छातीवर पट्टी असलेली. आत:

१. डबा, कापडात किंवा पिशवीत बांधलेला, चमचा-काट्यासह.
२. ओला रुमाल, छोट्या डबीत.
३. मुलाची स्वतःची छोटी चटई (साधारण ६० बाय ९० सेंटिमीटर).
४. कचऱ्यासाठी एक-दोन प्लास्टिकच्या पिशव्या.
५. हातरुमाल आणि टिश्यू, खिशात.

पाण्याची बाटली खांद्यावर आडवी लटकते. त्यात पाणी किंवा बार्लीचा थंड चहा, म्हणजे मुगिचा. सरबत, ताक, दूध नको. शाळेच्या रंगाची टोपी आणि नावाची पट्टी आदल्या दिवशीच सॅकवर ठेवा. टोपी विसरली की मैदानावर बाईंना तुमचं मूल ओळखून मोजणं कठीण जातं.

प्रत्येक वस्तूवर नाव हवं, डब्याच्या झाकणावर वेगळं, तळावर वेगळं, चमच्यावर वेगळं. नाव देवनागरीत किंवा रोमनमध्ये नको. शाळेत ज्या जपानी अक्षरांत मुलाचं नाव लिहितात त्याच अक्षरांत लिहा. तिथली मुलं आणि बाई तेच वाचतात.

### तुमच्या पाठीवर

दोन्ही हात मोकळे राहतील अशीच सॅक. खांद्यावरची पर्स सारखी घसरते आणि तेवढ्यात मूल हातातून सुटतं. मुलाच्या कपड्यांचा एक जोड, मोज्यांचा जादा जोड, पातळ रेनकोट दोघांचे, मोठी चटई, तुमचा डबा, चिकटपट्ट्या, मुलाच्या विम्याचं आणि वैद्यकीय सवलतीचं कागदपत्र, थोडी रोकड. छत्रीपेक्षा रेनकोट बरा. छत्रीने एक हात अडकतो आणि गर्दीत मुलांच्या डोळ्यांना धोका असतो.

बूट सपाट, पळता येईल असे. मोजे न फाटलेले, कारण चटईवर पाय ठेवण्याआधी बूट काढायचे असतात. ओढणी आणि लोंबते कानातले घरी ठेवा. घसरगुंडीवर मुलाला झेलताना ओढणी अडकते. शरदातली सहल असेल, तर काळे कपडे आणि अत्तर दोन्ही टाळा. त्या दिवसांत डोंगर-बागांत गांधीलमाशा चवताळलेल्या असतात आणि गडद रंगाकडे, उग्र वासाकडे येतात.

## ५. डबा

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून वाचा.

शेंगदाणा घरीच ठेवा. खान्देशी स्वयंपाकघरात तो कुठे कुठे असतो हे आपल्याला जाणवतही नाही. ठेच्यात, कोरड्या चटणीत, साबुदाण्याच्या खिचडीत, चिवड्यात, लाडवात, वांग्याच्या भरितात, आणि फोडणीच्या तेलात. शेजारच्या चटईवरचं मूल तुमच्या मुलाच्या हातचा घास खाऊ शकतं. जपानमध्ये पाकिटबंद पदार्थांवर शेंगदाणा, अक्रोड, अंडं, दूध, गहू, सोबा (कुट्टू), कोळंबी आणि खेकडा यांचा उल्लेख सक्तीचा आहे. घरच्या डब्यावर लेबल नसतं, त्यामुळे काळजी आपणच घ्यायची. त्या दिवशी फोडणीला सूर्यफुलाचं तेल वापरा.

दुसरं कारण घशात अडकण्याचं. पाच वर्षं आणि त्याहून लहान मुलांना कडक डाळी-दाणे खाऊ देऊ नयेत, अशी जपानच्या ग्राहक खात्याची सूचना आहे. फुटाणे, तळलेली हरभरा डाळ, अख्खे काजू-बदाम सगळं यात आलं. छोटे टोमॅटो आणि द्राक्षं अख्खी कधीच देऊ नका, उभे चार तुकडे करा. उकडलेलं लावीचं अंडं टाळा. गोल, गुळगुळीत आणि घशाच्या मापाचं जे काही असेल ते कापूनच.

किती? तीन-चार वर्षांच्या मुलाला साधारण ३०० मिलिलिटरचा, पाच-सहाच्या मुलाला ४०० च्या आसपासचा डबा पुरतो. सहलीच्या धावपळीत मूल घरच्यापेक्षा कमी खातं. प्रेमापोटी डबा गच्च भरला की झाकण बसत नाही, आणि मुलाला ते परत लावता येत नाही.

काय? भाकरी गार झाली की कडक होते, लहान मुलाला तोडता येत नाही. रस्सा, शेवभाजी, दहीभात गळतात. पोळी चालते, पण कणीक मळताना नेहमीपेक्षा एक चमचा तेल जास्त आणि पाणी थोडं सढळ. पोळीवर बटाट्याची कोरडी भाजी पातळ पसरून घट्ट गुंडाळी करा आणि चार सेंटिमीटरचे तुकडे कापा. कापलेली बाजू वर ठेवून डब्यात उभे रचले की सुटत नाहीत.

सगळ्यांत सोयीची मुगाची घट्ट खिचडी. जपानी तांदूळ चिकट असल्याने तिचे लाडू उत्तम वळतात:

- तांदूळ १ वाटी, मुगाची डाळ पाव वाटी. दोन्ही धुऊन अर्धा तास भिजवून निथळा.
- पाणी पावणेदोन वाट्या, हळद चिमूटभर, मीठ, एक चमचा तूप. राईस कुकरमध्ये नेहमीसारखं लावा.
- शिजल्यावर दहा मिनिटं झाकून ठेवा, मग ताटात पसरा.
- हाताने वळू नका. प्लास्टिकच्या पातळ कागदात दोन मोठे चमचे खिचडी घेऊन मुरगाळा, लिंबाएवढा लाडू होतो. हाताचा स्पर्श नसल्याने तो लवकर खराब होत नाही.

हळदीने डबा पिवळा पडतो, म्हणून आत कागदी वाट्या ठेवा. हिंग-लसणाचा वास बंद बसमध्ये पसरतो, त्यामुळे त्या दिवशी हात आखडता घ्या. पण घरचं जेवण लपवायची गरज नाही. इतर मुलांसारखं दिसावं म्हणून न आवडणारा भात-सॉसेज भरला की मूल उपाशी राहतं, आणि दुपारी त्याची चिडचिड तुम्हालाच सोसावी लागते. रोज खातं तेच, फक्त कोरडं आणि छोट्या घासाचं.

फळात केळं टाळा. रावेर-यावलच्या माणसाला हे ऐकवणार नाही, पण सॅकमध्ये ते दबतं, काळं पडतं आणि डब्याच्या कापडाला चिकटतं. सफरचंदाच्या पातळ फोडी मिठाच्या पाण्यात बुडवून काढा, त्या काळ्या पडत नाहीत.

सावधान: गरम अन्नावर झाकण लावू नका. वाफ आत धरते, पाणी सुटतं, अन्न आंबतं. ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या, मगच भरा, आणि डब्यावर छोटी बर्फाची पिशवी बांधा. भात आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवला तर दगडासारखा होतो, म्हणून भात सकाळचाच. भाजी रात्री केली तरी सकाळी चांगली गरम करून पुन्हा गार करायची.

## ६. आठवडाभर सराव

घरातल्या फरशीवर चटई टाका आणि मुलाला हे क्रमाने करू द्या: बूट काढणं, ते चटईच्या कडेला बाहेर जोडीने ठेवणं, सॅक उघडणं, चटई उलगडणं, हात पुसणं, डब्याची गाठ सोडणं, झाकण काढणं. जेवण झाल्यावर उलट क्रमाने सगळं परत. तुम्ही हात मागे बांधून बसा.

अडतं नेमकं कुठे ते बघा. झाकणाच्या दोन्ही बाजूंना कड्या असलेला डबा तीन वर्षांच्या बोटांना जड जातो, वरून ओढून काढायचं साधं झाकण बरं. गाठ सुटत नसेल तर कापडाऐवजी दोरीची पिशवी घ्या. चटईची घडी जमत नसेल तर गुंडाळून रबर लावायला शिकवा. आणि एक वाक्य पाठ करून घ्या: ‘तोइरे इकिताइ देस’, शौचाला जायचं आहे. घरी मराठीत बोलणारं मूल इतक्या माणसांत हे सांगायला लाजतं आणि मग कपडे ओले होतात.

नवे बूट सहलीच्या दिवशी पहिल्यांदा घालायला देऊ नका. पाच-सहा दिवस आधीपासून वापरायला लावा, नाहीतर टाचेला फोड येतो.

## ७. सहलीची सकाळ

जमायची वेळ ९ वाजता असेल तर उलटा हिशोब असा करा:

- ५:३० : उठणं, भात लावणं.
- ६:०० ते ७:०० : शाळेच्या अॅपवर किंवा ईमेलवर पावसाचा निर्णय बघणं. नेमकी वेळ कागदावर असते. खिडकीतून आकाश बघून स्वतः ठरवू नका. तुमच्याकडे कोरडं असलं तरी सहलीच्या ठिकाणी पाऊस असू शकतो.
- ७:०० : अन्न ताटात पसरून गार करणं. तेवढ्यात मुलाचा नाश्ता. बस लागणाऱ्याला उपाशी नेऊ नका आणि दूधही पाजू नका. थोडी पोळी किंवा टोस्ट पुरे.
- ७:४५ : डबा बंद.
- ८:०० : मुलाला शौचाला बसवणं, मग टोपी, नावाची पट्टी.
- ८:५० : जमण्याच्या जागी. दहा मिनिटं आधी हीच तिथली वेळेवर येण्याची रीत आहे.

मूल आजारी असेल तर गैरहजेरी कळवायची वेळ ही निघायची वेळ नसते, ती आधीची असते. तोपर्यंत निरोप गेला नाही तर बस तुमच्यासाठी थांबून राहते.

थेट ठिकाणी जमायचं असेल आणि तुम्ही रेल्वेने जाणार असाल, तर अजून पहिलीत न गेलेली, सहा वर्षांपर्यंतची दोन मुलं एका मोठ्या माणसासोबत मोफत येतात. मुलाचं तिकीट काढत रांगेत उभं राहू नका.

तपासा: टोपी, नावाची पट्टी, बाटली, डबा, चमचा. दारात उभं राहून हे पाच शब्द मोठ्याने म्हणा आणि प्रत्येक वस्तूला हात लावा.

## ८. बस आणि पोहोचल्यावर

बसमध्ये जागा ठरलेल्या असतात. बस लागणाऱ्या मुलाला पुढची जागा मिळते, पण वहीत आधी लिहिलं असेल तरच. बसमध्ये काही खाऊ देऊ नका. प्लास्टिकची एक पिशवी खिशातच ठेवा, सॅकच्या तळाशी नको.

फोन बाजूला ठेवा. जपान भारतापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथे ९ वाजता बस सुटते तेव्हा जळगावला पहाटेचे साडेपाच झालेले असतात आणि आजी-आजोबा जागे होऊन व्हिडिओ कॉलची वाट बघत बसलेले असतात. त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा, फोन तिथल्या ३ वाजता, म्हणजे आपल्याकडे साडेअकराला येईल. बसमध्ये मोठ्याने फोनवर बोलणं तिथे वाईट दिसतं, आणि मैदानावर कॉल चालू असताना मूल नजरेआड होतं.

फोटो स्वतःच्या मुलाचे काढा. मागे दुसऱ्यांची मुलं आली असतील तर ते फोटो कुठेही टाकू नका, नातेवाइकांच्या ग्रुपवरसुद्धा. आधी त्या मुलांच्या पालकांची परवानगी लागते.

पोहोचल्यावर बाई डोकी मोजतात. मोजणी चालू असताना मुलाला रांगेतून बाहेर काढू नका, अगदी पाणी पाजायलाही. मोजणी चुकली की पहिल्यापासून करावी लागते. शौचालय कुठे आहे ते पोहोचताच बघून ठेवा आणि खेळ सुरू होण्याआधी मुलाला एकदा नेऊन आणा. जाताना बाईंना सांगून जा.

खेळात मुलाला स्वतः करू द्या. पडलं तर दोन क्षण थांबा, बहुतेक वेळा ते स्वतःच उठतं. दुसऱ्याचं मूल तुमच्यासमोर पडलं तर मात्र थांबू नका. उभं करा आणि जवळच्या बाईंना हाक मारा.

## ९. जेवणाची वेळ

मोठी चटई दुसऱ्यांच्या चटईला खेटून पण त्यावर न चढवता टाका. बूट बाहेरच्या कडेला. दुसऱ्याच्या चटईवरून चालत जाऊ नका, वळसा घाला.

सगळे बसेपर्यंत आणि बाईंनी सांगेपर्यंत डबा उघडायचा नाही. मग ‘इतादाकिमास’, हा जेवणाआधी म्हणायचा शब्द, एकत्र म्हणतात. मुलाने आठवडाभर सराव केलेला असतो, तो आता त्याला करू द्या. भरवू नका. इतर मुलं स्वतः खात असताना आई भरवते आहे, हे मुलालाच अवघड वाटतं.

आपल्याकडे ‘घ्या ना थोडं’ म्हणून शेजाऱ्यापुढे डबा सरकवणं हे चांगल्या वागण्याचं लक्षण. इथे ते करू नका, मुलांमध्ये तर अजिबातच नाही. मोठ्यांमध्ये खाऊ द्यायचाच असेल तर बंद, एकेकाच्या वेगळ्या पाकिटातला द्या आणि त्यावर काय काय आहे ते वाचता आलं पाहिजे. कागदावर खाऊला मनाई असेल तर तेही नाही.

सावधान: बागेत कचऱ्याचे डबे नसतातच असं धरून चला. उरलेलं, टिश्यू, कागदी वाट्या सगळं पिशवीत भरून घरी न्यायचं.

## १०. काही बिघडलं तर

मूल दिसेनासं झालं तर आधी बाईंना सांगा, मग शोधा. उलटं केलं की दोघंही हरवल्यासारखे होतात. ‘माइगो देस’, म्हणजे मूल हरवलंय, एवढं म्हटलं तरी पुरतं. त्या दिवशी मुलाने कोणत्या रंगाचे कपडे घातलेत हे सांगता येण्यासाठी निघताना घराच्या दारात त्याचा एक पूर्ण फोटो काढून ठेवा.

रुग्णवाहिकेसाठी ११९. पलीकडून आग की रुग्णवाहिका असं विचारतात, तेव्हा ‘क्यूक्यू देस’ म्हणा आणि फोन जवळच्या बाईंच्या हातात द्या. पोलिसांसाठी ११०. घरी आल्यावर रात्री ताप किंवा उलट्या सुरू झाल्या आणि दवाखान्यात न्यावं की नाही कळत नसेल, तर #८००० वर लहान मुलांच्या आजारासाठी फोनवर सल्ला मिळतो.

मुलाला शाळेत काही लागलं तर शाळेमार्फत एक विमा योजना असते, पण ती मुलासाठी. तुमचा पाय मुरगळला तर तो तुमच्याच विम्यात.

## ११. परत येताना आणि घरी आल्यावर

सुटण्याच्या जागी बाई पुन्हा मोजतात आणि प्रत्येक मुलाला पालकाच्या ताब्यात देतात. बाईंनी नाव घेऊन मूल सोपवल्याशिवाय निघू नका, तुमचं मूल दिवसभर तुमच्याच हातात असलं तरी. न सांगता निघून गेलेल्या एका कुटुंबासाठी सगळा वर्ग ताटकळतो. निघताना ‘अरिगातो गोझाइमाशिता’, म्हणजे आभारी आहे, असं म्हणा.

घरी आल्याबरोबर सॅक दारातच रिकामी करा. डबा लगेच धुवा. हळदीचा डाग राहिला तर उन्हात ठेवा, तो उतरतो. ओले मोजे आणि चटई पुसून वाळत घाला, नाहीतर पुढच्या वेळी चटई उलगडताना वास येतो. दुसऱ्याची एखादी टोपी किंवा चमचा चुकून आला असेल तर नाव बघून दुसऱ्या दिवशी मुलाच्या हातून नाही, तर वहीत ओळ लिहून बाईंकडे द्या.